गुरुत्वाकर्षण आणि पुंजवाद : एका न जुळलेल्या सांध्याचा इतिहास

इ. स. १९१५ च्या नोव्हेंबर महिन्यांत बर्लिन येथील प्रशियन विज्ञान अकादमीपुढें आल्बर्ट आइन्स्टाइन यांनीं गुरुत्वाकर्षणाचीं आपलीं नवीं समीकरणें मांडलीं, त्या वेळीं युरोपांत महायुद्धाचा वणवा पेटलेला होता. युद्ध संपल्यानंतर, १९१९ च्या मे महिन्यांतील खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळीं, सूर्याजवळून येणारा ताऱ्यांचा प्रकाश त्या समीकरणांनीं सांगितलेल्या मानानेंच वांकतो असें इंग्रज ज्योतिर्विदांना दिसून आलें, आणि न्यूटनच्या सिंहासनाला वारस मिळाल्याची द्वाही जगभर फिरली. गुरुत्वाकर्षण म्हणजे दोन वस्तूंना जोडणारी अदृश्य दोरी नव्हे. अवकाश आणि काल यांचें मिळून जें एक अखंड वस्त्र विणलेलें आहे, त्याला वस्तूंच्या भारानें पडलेला तो झोळ आहे, आणि ग्रह जे फिरतात ते त्या झोळाच्या वळणानें फिरतात, हें त्या सिद्धांताचें सार होय.

यानंतर दहा वर्षें लोटतात न लोटतात तोंच भौतिकशास्त्रांत दुसरी क्रांति झाली. १९२५ व १९२६ या दोन वर्षांत हायझेनबर्ग, श्रोडिंजर, डिरॅक प्रभृतींनीं अणूच्या अंतरंगाचें नवें गणित रचलें. तेल जसें हवें तितकें ओतून घेतां येतें, परंतु नारळ नगांनींच मोजून घ्यावे लागतात, त्याप्रमाणें अणूच्या घरांतील ऊर्जेचा व्यवहार नगांनीं, म्हणजे सुट्या सुट्या पुंजांनीं चालतो, असें या पुंजवादाचें म्हणणें. त्याचें दुसरें म्हणणें याहूनहि चमत्कारिक आहे. सूक्ष्म कणाचें स्थान व वेग हीं दोन्ही एकाच वेळीं निश्चित असूं शकत नाहींत. आणि मोजून पाहीपर्यंत तो कण येथें आहे कीं तेथें, या प्रश्नाला एकच एक उत्तर नसतें.

दोन्ही सिद्धांत आपापल्या प्रांतांत अजिंक्य ठरले. आणि तरीहि ते एका म्यानांत राहत नाहींत. पहिल्याच्या मतें वस्तु जेथें असेल तेथें अवकाशाला झोळ पडतो. दुसऱ्याच्या मतें वस्तूला, मोजण्यापूर्वीं, निश्चित ठिकाणच नसतें. मग झोळ पडावयाचा कोठें? पहिला सांगतो कीं अवकाश-कालाचें वस्त्र कितीहि जवळून पाहिलें तरी तें गुळगुळीतच दिसेल. दुसरा सांगतो कीं निसर्गांतील कोणतीहि गोष्ट पुरेशी जवळून पाहिली असतां ती खळबळलेली दिसते. दोघेहि अखेरचे शब्द असूं शकत नाहींत. या दोघांना एकत्र नांदवील असा तिसरा सिद्धांत कोणता, या शोधाचा इतिहास आतां शंभर वर्षांहून अधिक लांबला आहे, आणि अनेक तैलबुद्धि माणसांचीं उभीं आयुष्यें त्यांत वेंचलीं गेलीं आहेत.

व्यवहारांत हा तंटा फारसा जाणवत नाहीं, याचें कारण दोघांनीं एकाच वाड्यांत आपल्या चुली वेगळ्या मांडल्या आहेत. ग्रहांच्या गतीचें गणित करतांना पुंजवादाची गरज लागत नाहीं. उलट अणूचें गणित करतांना गुरुत्वाकर्षण हिशेबांत धरण्याचें कारण पडत नाहीं. कारण हायड्रोजनच्या अणूंत इलेक्ट्रॉन व प्रोटॉन यांच्यामधील विजेचें आकर्षण हें त्यांच्यामधील गुरुत्वाकर्षणाहून १ वर ३९ शून्यें इतक्या पटींनीं मोठें आहे. परंतु विश्वांत दोन स्थळें अशीं आहेत कीं, तेथें या भाऊबंदांची गांठ पडल्यावांचून राहत नाहीं. पहिलें स्थळ म्हणजे कृष्णविवराचा गाभा. दुसरें म्हणजे सुमारें १३८० कोटी वर्षांपूर्वींचा विश्वाचा आरंभ. या दोन्ही ठिकाणीं आइन्स्टाइन यांचीं समीकरणें घनता अनंत असल्याचें सांगतात, आणि तसें सांगणें म्हणजे गणितानें हात टेकल्याची कबुलीच होय. विश्वाचा आरंभ कसा झाला, त्यापूर्वीं कांहीं होतें कीं नव्हतें, हे मनुष्याचे फार जुने प्रश्न आहेत. त्यांचा दरवाजा याच कुलपानें बंद आहे.

ही गांठ कोणत्या मापाला पडते, हेंहि ठाऊक आहे. प्रकाशाचा वेग, गुरुत्वाचा स्थिरांक आणि आपला नवा स्थिरांक या तिहींच्या मेळानें माक्स प्लांक यांनीं १८९९ सालींच लांबीचें एक नैसर्गिक माप काढलें होतें. १ मीटरचे १ वर ३५ शून्यें इतके भाग केले, तर त्यांतील सुमारें १.६ भाग एवढी ती लांबी भरते. प्रोटॉनसारखा सूक्ष्म कणहि तिच्या मानानें १ वर २० शून्यें इतक्या पटींनीं मोठा आहे. जिनीव्हाजवळील २७ किलोमीटर घेराच्या यंत्रांत कणांच्या ज्या टकरी घडविल्या जातात, त्यांच्या सुमारें १ वर १५ शून्यें इतके पट अधिक ऊर्जा मिळाली, तर या मापाचें प्रत्यक्ष दर्शन होईल. या एका आंकड्यांतच पुढील सर्व इतिहासाची व्यथा सांठलेली आहे. वाद आहे, वादी आहेत, परंतु साक्षीदाराला न्यायालयांत आणतां येत नाहीं.

या अडचणीची पहिली चाहूल खुद्द आइन्स्टाइन यांनाच लागली होती. १९१६ सालीं गुरुत्वीय लहरींविषयीं लिहितांना त्यांनीं नमूद केलें कीं, अणूंतील इलेक्ट्रॉन फिरतांना गुरुत्वीय लहरींच्या रूपानें थोडी ऊर्जा गमावतील, आणि तसें होऊं नये म्हणून पुंजसिद्धांताला या नव्या गुरुत्वाकर्षण-सिद्धांतांतहि फेरफार करावा लागेल. १९३० सालीं लिऑन रोझेनफेल्ड यांनीं त्या दिशेनें पहिलें पद्धतशीर गणित केलें. विजेचें क्षेत्र जसें पुंजवादाच्या चौकटींत बसविलें, तसेंच गुरुत्वाकर्षणाचेंहि बसवितां येईल, हें काम कांहीं वर्षांचेंच आहे, असा त्या काळीं पुष्कळांचा समज होता. तो समज चुकीचा आहे, हें ज्यानें प्रथम ओळखलें, त्याची कथा करुण आहे.

मात्वेइ ब्रॉन्स्टाइन यांचा जन्म १९०६ सालीं युक्रेनमधील व्हिनित्सा या गांवीं झाला. लेनिनग्राड येथें ते भौतिकशास्त्राचे अध्यापक होते. मुलांसाठीं शास्त्रावरचीं सुरस पुस्तकें लिहिण्यांतहि त्यांचा हातखंडा होता. १९३६ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधांत त्यांनीं एक साधा प्रश्न विचारला : अत्यंत लहान जागेंतील गुरुत्वाकर्षण मोजावयाचें कसें? मोजण्यासाठीं तेथें एखादा कसोटीचा पदार्थ ठेवावा लागणार. त्याचें स्थान व वेग यांची अनिश्चितता आड येऊं नये म्हणून तो जड हवा. विजेच्या बाबतींत पदार्थ वाटेल तितका जड घेण्यास हरकत नाहीं. परंतु गुरुत्वाकर्षणांत जडपणा हाच आकर्षणाचा उगम. तेव्हां लहान जागेंत फार जड पदार्थ कोंबला, तर तो स्वतःच्याच आकर्षणानें मिटून जाईल आणि त्याच्यापासून प्रकाशहि बाहेर पडूं शकणार नाहीं. म्हणजे एका मर्यादेपलीकडे मोजमाप ही गोष्टच निरर्थक होते. यावरून ब्रॉन्स्टाइन यांनीं असा निष्कर्ष काढला कीं, अवकाश आणि काल यांविषयींच्या रूढ कल्पनाच टाकून देऊन त्यांच्या जागीं अधिक खोल कल्पना आणाव्या लागतील.

पुढच्याच वर्षीं, १९३७ च्या ऑगस्टमध्यें, स्टालिनच्या राजवटींतील धरपकडींत ते पकडले गेले. १९३८ च्या फेब्रुवारीच्या १८ तारखेला नांवापुरता खटला होऊन त्याच दिवशीं त्यांना गोळी घालण्यांत आली. वय अवघें ३१ वर्षांचें. त्यांच्या पत्नी लिडिया चुकोव्स्काया यांना मात्र सरकारी उत्तर मिळालें तें असें कीं, दहा वर्षांची शिक्षा झाली असून पत्रव्यवहाराची मनाई आहे. त्या बाईंनीं १९३९-४० च्या हिंवाळ्यांत, मुलगा पकडला गेलेल्या एका आईची कथा गुप्तपणें लिहून ठेवली. तिच्या स्वदेशांत ती छापली जाण्यास १९८८ साल उजाडावें लागलें. ब्रॉन्स्टाइन यांचा प्रश्नहि असाच दीर्घकाळ अडगळींत पडून राहिला.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेंत या विषयाला पुन्हां चालना मिळाली. १९५७ च्या जानेवारींत उत्तर कॅरोलिनांतील चॅपेल हिल येथें ब्राइस डीविट व सेसिल डीविट-मोरेत या दांपत्यानें एक परिषद भरविली. गुरुत्वाकर्षणाला पुंजवाद लागू करण्याची खरोखर गरज आहे काय, असा प्रश्न तेथें निघाला. रिचर्ड फाइनमन यांनीं एक काल्पनिक प्रयोग सांगून त्याचें उत्तर दिलें. एखादी गोळी अशा स्थितींत आणली कीं ती येथें किंवा तेथें यांपैकीं एका ठिकाणीं निश्चित नाहीं, आणि तिचें गुरुत्वाकर्षण मात्र निश्चित आहे, तर त्या आकर्षणावरून गोळीचा ठाव लागेल आणि पुंजवादच ढांसळेल. तेव्हां पुंजवाद मोठ्या वस्तूंनाहि लागू असेल, तर गुरुत्वाकर्षणानेंहि त्याचे नियम पाळलेच पाहिजेत. स्वतः फाइनमन यांनीं पुढें कांहीं वर्षें हें गणित नेटानें चालविलें. परंतु या क्षेत्रांतील मंडळींच्या निष्फळ चर्चेला ते इतके विटले कीं, १९६२ सालीं पोलंडमधील परिषदेहून पत्नीला पाठविलेल्या पत्रांत, पुन्हां असल्या परिषदेस न जाण्याची आपल्याला आठवण दे, असें त्यांनीं लिहिलें.

१९६७ सालीं डीविट यांनीं तीन दीर्घ निबंध प्रसिद्ध केले, आणि पुढील सर्व पंथांचें मूळ त्यांत सांपडतें. एका वाटेनें त्यांनीं संबंध अवकाशाची भूमितीच पुंजवादाच्या कक्षेंत आणली. त्यांतून जें समीकरण निघालें, तें जॉन व्हीलर व डीविट या दोघांच्या नांवानें ओळखलें जातें. त्याचा विलक्षण गुण असा कीं त्यांत काल हें अक्षरच येत नाहीं. दुसऱ्या वाटेनें त्यांनीं अवकाश बहुतांशीं सपाट आहे असें धरून, त्यावर उठणारे तरंग हे ग्रॅव्हिटॉन नामक कणांचे समूह आहेत, असें मानून गणित केलें. एकाच हातानें आंखलेल्या या दोन वाटांवरून पुढें दोन प्रतिस्पर्धी संप्रदाय चालत गेले.

दुसरी वाट परिचयाची होती. विजेच्या पुंजवादांतहि गणित करतांना मध्येंच अनंत राशि उपटतात. परंतु इलेक्ट्रॉनचें वस्तुमान व विद्युत्‌भार अशा दोन-तीन मोजलेल्या राशींत त्या जिरवितां येतात आणि हिशेब चोख लागतो. गुरुत्वाकर्षणांत मात्र हा उपाय चालेना. १९७४ सालीं हॉलंडचे ट हूफ्ट व व्हेल्टमन यांनीं दाखविलें कीं, पदार्थाचा समावेश होतांच पहिल्याच पायरीवर अनंत राशि शिल्लक उरते. १९८६ सालीं गोरॉफ व सान्योत्ती यांनीं सिद्ध केलें कीं, पदार्थ वगळून शुद्ध गुरुत्वाकर्षण घेतलें तरी दुसऱ्या पायरीवर तीच गत होते. प्रत्येक पायरीला एक नवें कर्ज काढावें लागेल, आणि पायऱ्यांना अंत नाहीं. अशा सावकारीवर सिद्धांताचा संसार चालत नाहीं.

दरम्यान एका अनपेक्षित दिशेनें कसोटीचा दगड हातीं आला. १९७२-७३ च्या सुमारास जेकब बेकेन्स्टाइन या तरुणानें असें प्रतिपादन केलें कीं, कृष्णविवरालाहि एंट्रॉपी, म्हणजे आंतील अव्यवस्थेचें माप, असलें पाहिजे, आणि तें त्याच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणांत असलें पाहिजे. स्टीफन हॉकिंग यांनीं प्रथम या कल्पनेला विरोध केला. पण १९७४ सालीं स्वतःच्याच गणितानें त्यांना असें आढळलें कीं कृष्णविवर पूर्ण काळें नसून अत्यंत मंद अशी उष्णता बाहेर टाकतें, आणि त्याची एंट्रॉपी प्लांकच्या मापांत क्षेत्रफळाच्या बरोबर एकचतुर्थांश भरते. वायूची एंट्रॉपी म्हणजे त्याच्या अणूंच्या मांडणीचे किती प्रकार संभवतात याची मोजदाद असते. मग कृष्णविवराच्या पृष्ठभागीं मोजावयाचें तें काय? अवकाशाचे अणु? जो कोणी नवा सिद्धांत आणील, त्यानें हा एकचतुर्थांश आंकडा काढून दाखवावा, असा दंडक तेव्हांपासून पडला.

पहिला संप्रदाय तंतुसिद्धांताचा. त्याचा जन्म गुरुत्वाकर्षणासाठीं झालाच नव्हता. १९६८ सालीं गॅब्रिएल व्हेनेझियानो यांनीं अणुगर्भांतील बलांसाठीं एक सूत्र सुचविलें, आणि दोन वर्षांत नाम्बू, नील्सेन व ससकिंड यांच्या ध्यानांत आलें कीं तें सूत्र बिंदुरूप कणांचें नसून थरथरणाऱ्या तंतूंचें आहे. एकाच तंबोऱ्याच्या तारेंतून जसे निरनिराळे स्वर निघतात, तसे एकाच तंतूच्या निरनिराळ्या कंपनांतून निरनिराळे कण निघतात. परंतु त्या कणांत एक कण वस्तुमान नसलेला व अणुगर्भांत कोठेंहि न सांपडणारा असा निघे. १९७४ सालीं शर्क व श्वार्ट्झ यांनीं, आणि स्वतंत्रपणें जपानच्या योनेया यांनीं, हा नकोसा पाहुणा म्हणजेच गुरुत्वाकर्षणाचा ग्रॅव्हिटॉन होय, असें ओळखलें. दहा वर्षें या म्हणण्याकडे फारसें कोणी लक्ष दिलें नाहीं. १९८४ सालीं ग्रीन व श्वार्ट्झ यांनीं सिद्धांतांतील एक घातक दोष आपोआप नाहींसा होतो असें दाखवितांच मात्र शेंकडों अभ्यासक या वाटेस लागले.

तंतु हे बिंदु नसून लांबट असल्यामुळें त्यांच्या टकरी एका ठिकाणीं एकवटत नाहींत, आणि त्या जीवघेण्या अनंत राशि उद्भवत नाहींत, हा या सिद्धांताचा मोठा गुण. त्याची किंमतहि तशीच मोठी. अवकाश-कालाच्या चार नव्हे तर दहा मिति मानाव्या लागतात आणि उरलेल्या सहा अतिसूक्ष्म गुंडाळींत दडलेल्या आहेत असें समजावें लागतें. शिवाय असे सिद्धांत एक नसून पांच निघाले. हे पांचहि एकाच वस्तूचीं निरनिराळीं रूपें आहेत हें १९९५ सालीं एडवर्ड विटेन यांनीं प्रतिपादिलें. आणि त्या विचाराला ज्या कामांनीं भक्कम आधार दिला, त्यांत १९९४ सालीं मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत असतांना अशोक सेन यांनीं केलेलें काम अग्रगण्य मानलें जातें. १९९६ सालीं स्ट्रॉमिंजर व वाफा यांनीं एका विशिष्ट जातीच्या विद्युत्‌भारित कृष्णविवराची एंट्रॉपी तंतूंच्या मोजदादीनें काढली आणि हॉकिंग यांचा एकचतुर्थांश हुबेहूब हातीं आला. पुढच्याच वर्षीं ह्वान माल्दासेना यांनीं असें सुचविलें कीं, एका विशिष्ट प्रकारच्या विश्वांतील गुरुत्वाकर्षणाचा सर्व वृत्तांत त्याच्या सीमेवरील, गुरुत्वाकर्षण नसलेल्या सिद्धांतांत लिहिलेला असतो.

दुसरा संप्रदाय भूमितीच्या वाटेचा, आणि त्याच्या उगमाशीं खानदेशचें एक गांव जोडलेलें आहे. अभय अष्टेकर यांचा जन्म १९४९ सालीं शिरपूर येथें झाला. उच्च शिक्षणासाठीं ते अमेरिकेंत गेले आणि १९७४ सालीं शिकागो विद्यापीठाचे डॉक्टर झाले. व्हीलर आणि डीविट यांचें समीकरण तोंवर अगदीं अडून बसलें होतें. तें लिहितां येई, पण सोडवितां येत नसे. १९८६ सालीं अष्टेकर यांनीं आइन्स्टाइन यांचाच सिद्धांत नव्या चलांत मांडला. अंतरें मोजणाऱ्या राशींऐवजीं दिशा कशा वळत जातात हें सांगणाऱ्या राशि त्यांनीं मुख्य धरल्या. सिद्धांत तोच राहिला, पण समीकरणें पुष्कळ सोपीं झालीं आणि अणुगर्भांतील बलांच्या समीकरणांसारखीं दिसूं लागलीं. ली स्मोलिन, टेड जेकबसन व कार्लो रोव्हेली यांनीं या चलांच्या साह्यानें दोनतीन वर्षांतच असें दाखविलें कीं, या सिद्धांताची नैसर्गिक भाषा बंद वलयांची आहे. फॅरडे यांनीं विजेसाठीं ज्या बलरेषा कल्पिल्या होत्या, त्यांचींच हीं जणूं आपल्यापाशीं वळून मिळालेलीं रूपें. म्हणून या संप्रदायाला वलय-पुंजगुरुत्व असें म्हणतां येईल.

१९९५ सालीं रोव्हेली व स्मोलिन यांनीं या वाटेनें एक लक्षणीय निष्कर्ष काढला. क्षेत्रफळ आणि घनफळ हीं हवीं तितकीं लहान करतां येत नाहींत. त्यांनाहि अणूच्या ऊर्जेसारख्या पायऱ्या आहेत. अवकाशाचें वस्त्र दुरून अखंड दिसलें, तरी जवळून पाहतां तें धाग्याधाग्यांचें आहे. ज्या अधिक खोल कल्पनेची निकड ब्रॉन्स्टाइन यांनीं १९३६ सालीं सांगितली होती, तिचें एक नेमकें रूप येथें प्रथम दिसलें. पुढें २००६ सालीं अष्टेकर, पाव्लोव्स्की व परमप्रीत सिंग यांनीं साध्या, सर्वत्र सारख्या अशा विश्वाच्या प्रतिकृतीला हें गणित लावलें, तेव्हां आरंभींची अनंत घनता नाहींशी झाली. त्यांच्या हिशेबानें घनता प्लांकच्या मापाजवळ येतांच गुरुत्वाकर्षण ओढण्याऐवजीं लोटूं लागतें. म्हणजे आपला आरंभ हा पूर्वींच्या एका आकुंचन पावणाऱ्या विश्वाची उसळी ठरतो.

आतां या दोन संप्रदायांची तुलना करावयाची, तर प्रथम त्यांचे हेतूच निराळे आहेत हें लक्षांत घ्यावें लागतें. तंतुवाद्यांना गुरुत्वाकर्षणाबरोबरच वीज, अणुगर्भांतील बलें आणि पदार्थाचे सर्व कण यांचा एकच उगम हवा आहे. वलयवादी म्हणतात, सर्वांचें एकीकरण हा वेगळा प्रश्न आहे. आधीं अवकाश-कालाचा पुंजवाद तर नीट लावूं. पहिल्यांची महत्त्वाकांक्षा चक्रवर्तीची, दुसऱ्यांची आपल्या सरहद्दीपुरती. यामुळें पहिल्यांच्या हातीं गणिताचें अफाट वैभव आलें, आणि दुसऱ्यांपाशीं तत्त्वाची स्वच्छता राहिली. अवकाश-काल हेंच जर गुरुत्वाकर्षण, तर तें आधींच पसरून ठेवलेल्या पटावर मांडतां कामा नये, हा आइन्स्टाइन यांचा धडा वलयवादी अक्षरशः पाळतात. तंतुसिद्धांताचें नेहमींचें गणित मात्र असा पट आधीं गृहीत धरून सुरू होतें. माल्दासेना यांच्या शोधानें हा आक्षेप बराच बोथट झाला. परंतु तो ज्या विश्वाला चोख लागू पडतो, तें आपलें विश्व नव्हे, कारण आपलें विश्व वाढत्या वेगानें पसरत आहे असें १९९८ सालीं दिसून आलें.

कृष्णविवराच्या कसोटीवर दोघेहि उतरले, पण दोघांच्याहि यशाला गालबोट आहे. तंतूंच्या मोजदादींत एकचतुर्थांश आपोआप येतो, मात्र जेथें तो असा चोख येतो तीं कृष्णविवरें आकाशांत सांपडणाऱ्या कृष्णविवरांच्या जातीचीं नव्हत. वलयांच्या मोजदादीनें साध्या कृष्णविवरांचाहि हिशेब लागतो, परंतु एका स्थिरांकाला योग्य किंमत दिली तरच तो आंकडा जुळतो. यश कोणाचें मोठें, हें ज्यानें त्यानें आपल्या संप्रदायावरून ठरवावें अशी स्थिति आहे.

दोषांचा ताळेबंदहि असाच समतोल आहे. तंतुसिद्धांतांतील सहा मिति गुंडाळण्याचे प्रकार असंख्य. २००३ सालीं कच्रू, कॅलोश, लिंडे आणि टाटा संस्थेचे संदीप त्रिवेदी यांनीं वाढत्या वेगानें पसरणारें विश्व या सिद्धांतांत कसें बसवितां येईल त्याची रीत सुचविली. परंतु याच सुमारास असाहि अंदाज निघाला कीं, अशीं संभाव्य विश्वें १ वर ५०० शून्यें इतकीं असूं शकतील. जो सिद्धांत इतकीं विश्वें शक्य मानतो, तो आपल्याच विश्वाविषयीं निश्चित असें काय सांगणार? तिकडे वलयवाद्यांना धागे सांपडले, पण त्या धाग्यांपासून आपलें हें रोजचें गुळगुळीत अवकाश आणि आइन्स्टाइन यांचीं समीकरणें पुन्हां विणून दाखविणें त्यांना पूर्णपणें साधलेलें नाहीं. धागा ओळखणें निराळें आणि पातळ विणून देणें निराळें.

या दोघांखेरीज इतरहि वाटसरू आहेत. राफेल सॉर्किन व त्यांचे सहकारी यांनीं १९८७ सालीं असें मत मांडलें कीं, अवकाश-काल हा मुळांत सुट्या घटनांचा समूह असून आधीं काय व नंतर काय एवढाच त्यांच्यांतील संबंध खरा. स्टीव्हन वाइनबर्ग यांनीं १९७० नंतरच्या दशकांत अशी शक्यता दाखविली कीं, त्या अनंत पायऱ्यांचें कर्ज फार मोठ्या ऊर्जेला आपोआप आटोक्यांत येत असेल. ती वाट १९९८ पासून मार्टिन रॉयटर यांनीं पुढें नेली. पुण्याच्या आयुका संस्थेंत थाणु पद्मनाभन यांनीं २०२१ सालच्या आपल्या मृत्यूपर्यंत निराळाच विचार जोपासला. उष्णता ही जशी मूळ वस्तु नसून अणूंच्या हालचालींचा परिपाक आहे, तसेंच गुरुत्वाकर्षणहि अवकाशाच्या अज्ञात घटकांचा परिपाक असेल. मग त्याचें पुंजीकरण करूं पाहणें म्हणजे लाटांवरून पाण्याचे अणु ओळखूं पाहण्यासारखें होईल.

निवाडा प्रयोगानें व्हावा, ही शास्त्राची रीत. पण येथें प्रयोगाचा हात तोकडा पडतो. तंतुसिद्धांताशीं निगडित असे जे कण जिनीव्हाच्या यंत्रांत सांपडतील अशी पुष्कळांना आशा होती, ते तेथें सांपडले नाहींत. १० मे २००९ रोजीं सातशें कोटी वर्षांहून अधिक प्रवास करून आलेल्या एका स्फोटाचे किरण फर्मी नामक दुर्बिणीनें टिपले. अवकाश दाणेदार असेल तर अधिक ऊर्जेचा प्रकाश किंचित् मागें पडेल, असा कांहींचा तर्क होता; परंतु सर्वांत जोरकस किरणहि इतरांबरोबर एका सेकंदाच्या आंत येऊन पोंचला. त्या तर्काच्या साध्यांत साध्या रूपांना यामुळें रजा मिळाली. संप्रदाय मात्र दोन्ही उभेच राहिले.

साक्षीपुराव्याच्या अभावीं वाद कडवट होतात, तसा हाहि झाला. २००६ सालीं तंतुसिद्धांतावर कठोर टीका करणारीं दोन पुस्तकें इंग्रजींत निघालीं. त्यांतील एक स्मोलिन यांचें होतें. प्रयोगानें खोटा ठरण्याची शक्यताच नसलेल्या सिद्धांताला शास्त्र म्हणावें काय, आणि विद्यापीठांतील बहुतेक जागा एकाच संप्रदायाला कां मिळाव्या, हे प्रश्न चव्हाट्यावर आले. प्रतिपक्षानें उत्तर दिलें कीं, गणिताची सुसंगति हीहि एक कसोटी आहे आणि ती तितकीशी सौम्य नाहीं. दहांपैकीं नऊ कल्पना तिच्याच आघातानें मरतात. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. परंतु सुसंगत असलेलें सर्वच खरें असतें असें नाहीं, ही गोष्ट टॉलेमीच्या काळापासून ज्योतिषाच्या इतिहासांत नमूद आहे.

यामुळेंच अलीकडील एका प्रस्तावाकडे सर्व पक्षांचे डोळे लागलेले आहेत. २०१७ सालीं सौगत बोस व त्यांचे सहकारी यांनीं, आणि स्वतंत्रपणें मार्लेट्टो व वेड्रल यांनीं असें सुचविलें कीं, हिऱ्याच्या कणासारख्या दोन अत्यंत लहान वस्तु शेजारीं ठेवून दोघींनाहि येथें व तेथें अशा अनिश्चित स्थितींत न्यावें. त्यांच्यामध्यें केवळ गुरुत्वाकर्षणाचा संबंध उरला असतांहि जर त्यांच्या स्थिति पुंजवादाच्या विशिष्ट रीतीनें एकमेकींत गुंतल्या, तर गुरुत्वाकर्षण स्वतः पुंजवादाचे नियम पाळतें असें मानावें लागेल. चॅपेल हिल येथें फाइनमन यांनीं बोलून दाखविलेला काल्पनिक प्रयोग अशा रीतीनें प्रयोगशाळेच्या उंबरठ्याशीं आला आहे. तो पार पाडणें फार कठीण आहे, आणि पार पडला तरी तंतु खरे कीं वलयें खरीं हें त्यानें कळणार नाहीं. परंतु ज्या एका गृहीतावर दोन्ही संप्रदायांची इमारत उभी आहे, तें खरें कीं खोटें, हें निसर्गालाच विचारतां येईल.

१९३६ सालीं लेनिनग्राडमधील एका तरुणानें, हातीं कोणतेंहि यंत्र नसतांना, केवळ विचारानें अवकाश-कालाच्या मोजमापाची सीमा दाखविली. त्या सीमेच्या पलीकडे काय आहे, याविषयीं तेव्हांपासून कितीतरी नकाशे निघाले. कांहीं तर अतिशय देखणे निघाले. ज्या मातींत शिरपूरचा एक विद्यार्थी वाढला, त्या मातीचाहि अंश त्यांतील एका नकाशांत आहे. परंतु सीमा ओलांडून कोणी परत आलेला नाहीं, आणि तोंवर नकाशा काढणाऱ्यानें आपल्या नकाशाला देश समजूं नये, एवढें पथ्य शास्त्राला पाळावें लागतें. ब्रॉन्स्टाइन यांचा प्रश्न मात्र गोळीनें मेला नाहीं. तो अजून उत्तराची वाट पाहत आहे.